मॅमोग्राफीला काय दिसतं, काय निसटतं

मॅमोग्राफी करून आलेल्या बाईला ‘कसं झालं?’ विचारा, पहिली तक्रार दाबण्याची येते. खाली सपाट पाट, वरून उतरणारी पारदर्शक प्लास्टिकची पट्टी आणि दोहोंच्या मध्ये चपटा झालेला स्तन. दाब साधारण दहा ते वीस किलो वजनाइतका, काही सेकंदांपुरताच, पण पाळी तोंडावर आली असेल तर डोळ्यांत पाणी आणणारा. ‘हलू नका, श्वास रोखा’ म्हणणारी टेक्निशियन त्या घडीला निर्दयी वाटते. तिने दया येऊन हात आखडता घेतला, तर मात्र तपासणीच वाया जाते.

स्तनात हाड नाही. चरबी, दुग्धग्रंथी, दुग्धवाहिन्या, त्यांना बांधून ठेवणारा तंतुमय भाग हे सगळंच मऊ, आणि त्यात लपलेली गाठही मऊच. हाडाच्या एक्स-रेला वापरतात तसे जोरकस किरण यातून आरपार जातात आणि सगळं एकाच करड्या रंगाचं दिसतं. म्हणून मॅमोग्राफीत किरण मुद्दाम दुबळे ठेवतात. साधारण 25 ते 32 किलोव्होल्टवर ते तयार होतात. पूर्वी त्यासाठी नळीत मॉलिब्डेनम हा धातू असे. आताच्या डिजिटल यंत्रांत बहुधा टंगस्टन आणि वर ऱ्होडियम किंवा चांदीची पातळ चाळणी असते. अशा किरणांना चरबी आणि ग्रंथी यांतला फरक कळतो, ग्रंथी आणि कर्करोगाची गाठ यांतला अगदी पुसटसा फरकही थोडाफार कळतो. पण दुबळे असल्यामुळे जाड भागातून ते पलीकडे पोचत नाहीत. स्तन दाबून पातळ केला की कमी किरणांत काम भागतं, एकावर एक पडलेले थर पसरतात, इकडेतिकडे विखुरणाऱ्या किरणांनी येणारा धूसरपणा कमी होतो आणि हलल्यामुळे चित्र पुसलं जात नाही. दाबण्यामागे कारणं आहेत ती एवढी.

प्रत्येक स्तनाच्या दोन प्रतिमा घेतात, एक वरून खाली आणि दुसरी तिरकी, काखेकडचा भाग येईल अशी. तिरकी प्रतिमा महत्त्वाची, कारण ग्रंथींचा सर्वांत जास्त भाग स्तनाच्या काखेकडच्या वरच्या चतकोरात असतो आणि कर्करोगही तिथेच जास्त आढळतो. चारही प्रतिमा मिळून किरणांची मात्रा साधारण 0.4 मिलिसिव्हर्ट होते. निसर्गातून, म्हणजे जमीन, हवा, आकाश यांतून, आपल्या अंगावर सात-आठ आठवड्यांत एवढी मात्रा येतच असते. ‘एक्स-रेनेच कॅन्सर होईल’ ही भीती पन्नाशीच्या बाईने बाळगण्याचं कारण नाही. विशीतल्या मुलीचं उगाच मॅमोग्राम काढू नये, याला मात्र किरण हे एक कारण आहेच.

रेडिओलॉजिस्ट प्रतिमा समोर घेतो तेव्हा त्याची नजर चार-पाच गोष्टी शोधत असते. कडा काटेरी असलेली गाठ, एका बाजूला ओढली गेलेली ठेवण, दोन स्तनांतला न जुळणारा भाग, जाड झालेली त्वचा. आणि कॅल्शियमचे कण. या कणांपाशी थोडं थांबायला हवं, कारण मॅमोग्राफीची खरी करामत इथे आहे. हे कण मिलिमीटरच्या एक दशांशापासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचे, हाताला कधीच न लागणारे. त्यांचा आहारातल्या कॅल्शियमशी किंवा हाडांच्या गोळ्यांशी काही संबंध नाही. बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत साचले तर दोन समांतर रेघा दिसतात, जुन्या साध्या गाठीत साचले तर मोठे, ओबडधोबड, ज्यांना डॉक्टर ‘पॉपकॉर्न’च म्हणतात. पण बारीक, एकसारखा एकही नाही असे कण एका ठिकाणी झुबक्याने दिसले, किंवा दुग्धवाहिनीच्या वाटेने फांद्या फुटल्यासारखे रेघेत मांडलेले दिसले, की नजर अडते. वाहिनीच्या आत वाढणाऱ्या आणि मध्येच मरणाऱ्या पेशींच्या जागी असे कण साचतात. रोग वाहिनीची भिंत ओलांडून बाहेर पडण्याआधीच त्याचा सुगावा लागतो तो यावरून. काखेत लावलेली पावडर किंवा डिओडरंटही कधी असेच ठिपके उमटवते. ‘पावडर लावून येऊ नका’ ही सूचना त्यासाठी असते.

कणांचा सुगावा पहिल्यांदा लागला तो जिवंत स्त्रीच्या तपासणीत नव्हे. बर्लिनमधला शल्यविशारद अल्बर्ट सालोमन याने शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे 3000 स्तनांचे एक्स-रे काढून 1913 मध्ये आपली निरीक्षणं छापली. पुढे उरुग्वेच्या राउल लेबोर्न याने दाबण्याचं आणि या कणांचं महत्त्व ठसवलं, 1960 च्या सुमारास ह्यूस्टनच्या रॉबर्ट ईगन याने कुणालाही शिकता येईल अशी पद्धत बसवली, आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये खास स्तनांसाठीचं यंत्र तयार झालं. फिल्म जाऊन डिजिटल आलं, आता थर-थर दाखवणारी टोमोसिंथेसिसही आली. यंत्राची गोष्ट एवढीच. वाद झाला तो यंत्रावरून नाही. कुठलीही तक्रार नसलेल्या बाईला या यंत्रासमोर उभं करून तिचा जीव वाचतो का, यावरून झाला.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात, आणि आपल्याकडे त्या सर्रास एक केल्या जातात. गाठ लागली, स्तनाग्रातून रक्तासारखा स्राव आला, त्वचा ओढली गेली म्हणून केलेली मॅमोग्राफी ही निदानाची तपासणी. तिच्याबद्दल वाद नाही, ती करायलाच हवी. काहीही होत नसताना ठरावीक वर्षांनी केलेली ती चाळणी. भांडण आहे ते चाळणीबद्दल.

चाळणीत रोग लवकर सापडतो, मग बाई जास्त जगणारच, असं कुणालाही वाटेल. ते तितकं सरळ नाही. समजा एका बाईला 64 व्या वर्षी गाठ लागली आणि ती 68 व्या वर्षी गेली; निदानानंतर चार वर्षं जगली. तिचाच रोग मॅमोग्राफीत 60 व्या वर्षी सापडला आणि तरीही ती 68 व्या वर्षीच गेली, तर कागदावर ती आठ वर्षं जगली. आयुष्य एका दिवसानेही वाढलं नाही, वाढला तो फक्त रुग्ण म्हणवून घेण्याचा काळ. दुसरी गोम अशी, की संथ वाढणारे रोग चाळणीत जास्त सापडतात, कारण ते वर्षानुवर्षं तिथे बसून असतात. झपाट्याने वाढणारा रोग दोन तपासण्यांच्या मधल्या काळात डोकं वर काढतो. म्हणून ‘आमच्याकडे लवकर सापडलेल्या इतक्या टक्के बायका पाच वर्षं जगल्या’ या जाहिराती वाचून भुलू नये. एका गटाला तपासणी, दुसऱ्याला नाही, आणि काही वर्षांनी दोन्हींतले मृत्यू मोजायचे, एवढाच खरा मार्ग उरतो.

असा पहिला मोठा प्रयोग न्यूयॉर्कमध्ये 1963 मध्ये सुरू झाला. आरोग्य विम्याच्या एका योजनेतल्या सुमारे 62 हजार स्त्रियांपैकी निम्म्यांना दरवर्षी मॅमोग्राफी आणि हाताने तपासणी देऊ केली. दहा वर्षांनी त्या गटात स्तनांच्या कर्करोगाने झालेले मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी निघाले. यात मॅमोग्राफीचा वाटा किती आणि हाताचा किती, हे सुटं करता येत नाही. मग स्वीडनच्या दोन परगण्यांत 1977 पासून नुसत्या मॅमोग्राफीचा प्रयोग झाला. लाझ्लो टाबार आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये 31 टक्के घट जाहीर केली. ब्रिटनने 1988 मध्ये राष्ट्रीय तपासणी सुरू केली, इतर देश मागोमाग आले.

आणि मग कॅनडाने मिठाचा खडा टाकला. 1980 पासून 40 ते 59 वयाच्या सुमारे 90 हजार स्त्रिया त्यांच्या प्रयोगात होत्या. पंचवीस वर्षांचा हिशेब 2014 मध्ये आला तेव्हा मॅमोग्राफी झालेल्या आणि न झालेल्या गटांतल्या मृत्यूंत फरकच नव्हता. त्यावर तुटून पडणारे पुष्कळ होते. यंत्रं जुनाट होती, प्रतिमा सुमार होत्या, गटांची वाटणीच चोख नव्हती, असे आक्षेप आले आणि ते सगळेच पोकळ नव्हते. पण या प्रयोगातली एक बाब आपल्या दृष्टीने मोलाची आहे. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत तुलना मॅमोग्राफी आणि ‘काहीच नाही’ यांत नव्हतीच. दुसऱ्या गटातल्या स्त्रियांची प्रशिक्षित हातांनी दरवर्षी नीट तपासणी होत होती. म्हणजे चांगला हात मिळत असेल तर वर यंत्राने फार भर पडत नाही, असाही त्याचा अर्थ निघतो. हा धागा पुढे मुंबईत पुन्हा हाती येतो.

वाद टोकाला गेला तेव्हा ब्रिटनमध्ये मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची स्वतंत्र समिती बसली. 2012 मध्ये तिने दिलेलं उत्तर मला सर्वांत प्रामाणिक वाटतं, कारण त्यात नफा आणि तोटा एकाच ओळीत मांडला आहे. पन्नाशीपासून वीस वर्षं 10,000 स्त्रियांना तपासणीला बोलावलं, तर 681 कर्करोग सापडतील, 43 मृत्यू टळतील आणि 129 जणींच्या पदरी असा रोग पडेल, जो शोधला नसता तर त्यांना आयुष्यात कधी कळलाही नसता. या 129 जणींवर शस्त्रक्रिया होते, किरणोपचार होतात, आणि ‘वेळेत सापडलं म्हणून वाचले’ असं त्याच सगळ्यांत मनापासून सांगतात. कोणती बाई 43 मधली आणि कोणती 129 मधली, हे आज कुणालाही सांगता येत नाही. आपल्या पत्रकांमधून पहिला आकडा छापतात, दुसरा गाळतात. माझ्या मते ही लबाडी आहे, हेतू कितीही चांगला असो.

खोट्या घंटेचाही हिशेब आहे. ब्रिटनमध्ये तपासलेल्या 100 जणींपैकी साधारण चौघींना पुन्हा बोलावतात आणि त्यांतल्या एकीला कर्करोग निघतो. हे झालं जिथे रोग जास्त आहे तिथलं. भारतात स्तनांच्या कर्करोगाचं प्रमाण, वयाचा फरक जमेला धरूनही, ब्रिटनच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी आहे. तीच यंत्रं इथे लावली तर परत बोलावलेल्यांची संख्या फारशी घटणार नाही, त्यांत खरा रोग निघणाऱ्या मात्र खूप कमी होतील. सोनोग्राफी, सुई, पुण्या-मुंबईच्या खेपा आणि घरातली टांगलेली झोप, हे सगळं बाकीच्यांच्या वाट्याला.

त्यात स्तनांच्या दाटपणाचा पेच. चरबी काळी दिसते, ग्रंथींचा दाट भाग पांढरा दिसतो, आणि कर्करोगही पांढराच. तरुण वयात ग्रंथी जास्त. मग गाठ शोधणं म्हणजे वेचलेल्या कापसाच्या ढिगात पांढरा खडा शोधणं. पाळी गेल्यावर ग्रंथींची जागा हळूहळू चरबी घेते आणि चित्र निवळत जातं. मॅमोग्राफी पन्नाशीनंतर जास्त भरवशाची होते ती म्हणून. डिजिटल यंत्रांनी तरुण आणि दाट स्तनांत थोडी सुधारणा केली, हे 2005 मध्ये सुमारे 49,500 स्त्रियांच्या अमेरिकी अभ्यासात दिसलं; तरी पेच सुटलेला नाही. अशा वेळी जोडीला सोनोग्राफी करतात. आनुवंशिक धोका असलेल्यांना एमआरआय सुचवतात.

‘आपल्याकडे हा रोग दहा वर्षं आधी होतो, म्हणून तिशीतच मॅमोग्राफी करा’ हे वाक्य आता कॉर्पोरेट पॅकेजांत सर्रास दिसतं. भारतीय रुग्णांचं सरासरी वय पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षांनी कमी आहे हे खरं. पण आपली लोकसंख्याच तरुण आहे! साठीच्या बायकाच कमी असतील तर रुग्णांत त्या कमी दिसणारच. एकेका बाईचा धोका आपल्याकडेही वयाबरोबर वाढतो. तक्रार नसलेल्या, घराण्यात रोग नसलेल्या तिशीतल्या मुलीला मॅमोग्राफीने मिळणार ती बहुतेक वेळा एक धूसर पांढरी प्रतिमा आणि एक अर्धवट रिपोर्ट. वार्षिक तपासणीच्या यादीत एक ओळ वाढते आणि बिलात एक आकडा, एवढंच.

भारतात 2022 मध्ये सुमारे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण आणि 98 हजार मृत्यू झाल्याचा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. त्याच वर्षी अमेरिकेत रुग्ण 2 लाख 74 हजार, मृत्यू 43 हजारांच्या आसपास. तिथल्या रुग्णांत चाळणीने उकरून काढलेले निरुपद्रवी रोगही आहेत, हे धरलं तरी दरी मोठी आहे. ती मॅमोग्राफी नाही म्हणून पडलेली नाही. आपल्याकडच्या बायका डॉक्टरांकडे येतात तेव्हा गाठ बहुधा यंत्राशिवाय दिसावी एवढी झालेली असते. ‘दुखत नाही ना, मग राहू दे’, मुलीचं लग्न होऊ दे, कापूस घरात येऊ दे, यात महिने जातात. दुखत नाही हेच तर या गाठीचं लक्षण. कधी कुणी लेप लावतं, कधी गावातला डॉक्टर गोळ्या देतो.

या प्रश्नाला भिडणारं सर्वांत मोठं काम टाटा मेमोरियलने मुंबईतच केलं. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये मुंबईच्या गरीब वस्त्यांतल्या 35 ते 64 वयाच्या 1,51,538 स्त्रिया वीस गटांत घेतल्या. अर्ध्या गटांत आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. या सेविका डॉक्टर नव्हत्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या बायका होत्या. मॅमोग्राफी नव्हती. वीस वर्षांचा निकाल 2021 मध्ये छापून आला. तपासलेल्या गटात रोग पुढच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण 37 टक्के, दुसऱ्या गटात 47. मृत्यू एकूण 15 टक्क्यांनी कमी, पण हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका पुसट. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत मात्र घट जवळजवळ 30 टक्के.

न्यूयॉर्क आणि स्वीडनचे आकडे आठवा. यंत्राने जे साधलं, त्याच्या आसपासचं मुंबईच्या वस्तीतल्या सेविकांच्या बोटांनी साधलं. अर्थात दोन्ही आकडे शेजारी ठेवून बरोबरी सिद्ध होत नाही. मुंबईतला पन्नाशीचा आकडा नंतर वेगळा काढलेला आहे, आणि ज्या देशात गाठी मोठ्या होऊन येतात तिथे हाताला सापडायला जागाही जास्त असते. पण दहा मिनिटांची तपासणी, खर्च जवळपास शून्य, आणि तपासणारी ओळखीची बाई, हे वजन कमी नाही. सरकारने 2016 मध्ये तिशीपुढच्या स्त्रियांसाठी ठरवलेली तपासणीही हाताचीच आहे, दर पाच वर्षांनी. ती कागदावर जास्त आणि केंद्रात कमी होते: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी स्तनांची तपासणी कधीतरी झालेल्या एक टक्कासुद्धा नव्हत्या. गोव्याने 2021 पासून सरकारी केंद्रांत हातात धरायचं, दाबावरून कठीणपणा ओळखणारं उपकरण वापरून पाहिलं. संशय आला तर पुढे सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी. कल्पना चांगली आहे, मृत्यू घटतात का हे अशा कुठल्याही उपकरणाला स्वतंत्रपणे दाखवावं लागेल.

मग स्वतःची तपासणी स्वतः केली तर? शांघायच्या कापड गिरण्यांतल्या सुमारे 2 लाख 66 हजार कामगार स्त्रियांना ती पद्धतशीर शिकवून पाहिली. 2002 मध्ये निकाल आला तेव्हा मृत्यूंत फरक नव्हता; साध्या गाठींसाठी झालेल्या बायोप्सी मात्र वाढल्या होत्या. आपला स्तन नेहमी कसा असतो हे माहीत असणं आणि बदल दिसताच दाखवणं, एवढ्यावर आता भर देतात.

अलीकडचा नवा गडी म्हणजे संगणक. स्वीडनमध्ये 80 हजार स्त्रियांपैकी निम्म्यांच्या प्रतिमा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने वाचून पाहिल्या. 2023 मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार दोन डॉक्टरांनी वाचल्याइतकेच कर्करोग सापडले आणि वाचनाचं काम 44 टक्क्यांनी वाचलं. जिल्ह्याच्या ठिकाणी मॅमोग्राफी वाचण्यात मुरलेला रेडिओलॉजिस्ट मिळत नाही, तिथे याचा उपयोग होईल. इथल्या स्तनांवर आणि इथल्या यंत्रांवर पारखून घेतल्यावर.

माझं मत विचाराल तर: खेडोपाडी आणि वस्त्यांत हात, पन्नाशीपुढे ज्यांना परवडतं आणि दोन्ही बाजूंची माहिती घेऊन ज्या ठरवतात त्यांना दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी, घराण्यात आई-बहिणीला रोग असेल तर आधीपासून आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने. चाळिशीत करावी का, यावर शहाणी माणसंही एकमेकांशी भांडतात; अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळाने 2009 मध्ये पन्नाशी सांगितली आणि 2024 मध्ये चाळिशीवर आणली.

रिपोर्ट हाती आल्यावर सर्वांत मोठा गोंधळ उडतो तो ‘बाय-रॅड्स’ या शब्दापुढच्या आकड्याने. ‘3’ वाचून घरात रडारड होते, कारण लोक तो तिसरा टप्पा समजतात. टप्प्याचा इथे संबंध नाही. 1 म्हणजे काही नाही, 2 म्हणजे निरुपद्रवी काहीतरी, 3 म्हणजे बहुधा निरुपद्रवी, कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. 4 आणि 5 ला सुईने तुकडा काढून तपासायचा. 0 म्हणजे चित्र अपुरं, आणखी काही करून बघायला हवं; शून्य पाहून पेढे वाटू नयेत. 6 म्हणजे बायोप्सीने आधीच सिद्ध झालेलं.

आणि रिपोर्ट 1 असला, पण हाताला गाठ लागतेय, तर रिपोर्ट बाजूला ठेवून गाठीच्या मागे लागायचं. दर शंभर कर्करोगांतले दहा-वीस मॅमोग्राफीला दिसत नाहीत, दाट स्तनांत त्याहून जास्त. हात, प्रतिमा आणि सुई, तिघांचं एकमत होईपर्यंत गाठीला निर्दोष म्हणायचं नाही, असा शल्यविशारदांचा नियम आहे. तपासणीला जाताना पाळी संपल्यानंतरचा आठवडा निवडावा, वर-खाली दोन कपडे घालावेत म्हणजे फक्त वरचा काढावा लागतो, आणि मागच्या खेपेच्या फिल्म किंवा सीडी बरोबर न्याव्यात. दोन वर्षांपूर्वीचा ठिपका आजही तेवढाच आणि तिथेच आहे हे दिसलं, तर पुष्कळदा सुईची वेळच येत नाही.